ताटाभोवतीची नवी चित्राहुती

जेवणास बसल्यावर ताटाभोवती पाणी फिरवायचे, ताटाच्या उजव्या बाजूस भाताचे चिमूटभर घास मांडायचे आणि मगच पहिला घास तोंडात घालायचा, असा विधी जुन्या घरांतून नित्यनेमाने होत असे. त्यास चित्राहुती म्हणत. चित्र, चित्रगुप्त, यम आदींच्या नावाने ही आहुती दिली जाई. आता मुंज वा श्राद्धपक्षाखेरीज ती फारशी दृष्टीस पडत नाही. तिच्या जागी आलेली नवी चित्राहुती मात्र शब्दश: चित्राची आहे. उपाहारगृहात पदार्थ टेबलावर आला, की कोणी हात लावू नये अशी खूण होते. पेले बाजूला सरकवले जातात, मोबाइल उंचावला जातो आणि चार-दोन छायाचित्रे टिपून झाल्यावरच जेवणास प्रारंभ होतो. ही छायाचित्रे पुढे मित्रमंडळींकडे जातात, आणि त्याहून अधिक संख्येने अनोळखी खवय्यांकडे.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झालीही आहे. परंतु आज परगावी गेलेला मनुष्य कोठे जेवावे हे ठरवतो, ते बहुधा अशाच कोणा अपरिचिताने काढलेली छायाचित्रे पाहून. पूर्वी रिक्षावाला, लॉजचा व्यवस्थापक किंवा त्या गावचा एखादा आप्त हे काम करीत असे. आता ते चित्राकडे गेले आहे. एखाद्या खानावळीचा गल्ला जर अशा रीतीने कोणाच्या तरी मोबाइलमधील चित्रावर ठरू लागला असेल, तर ते चित्र पदार्थाविषयी नेमके काय सांगते आणि काय सांगू शकतच नाही, हे नीट समजून घ्यायला हवे.

खाद्यपदार्थांची छायाचित्रे काढण्याची हौस छायाचित्रणकलेइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ या पुस्तकात फळांच्या परड्यांचे छायाचित्र आहे. हॉटेलातील पदार्थ खाण्याआधी गिऱ्हाईकाला दिसावा, ही कल्पना व्यवसाय म्हणून रुजली ती जपानमध्ये. इवासाकी ताकिझो या कारागिराने १९३२ साली ओसाका येथे पदार्थांच्या मेणाच्या हुबेहूब प्रतिकृती बनविण्याचा उद्योग सुरू केला आणि त्या देशातील उपाहारगृहांच्या दर्शनी काचेमागे आजही अशा प्रतिकृती (आता त्या प्लॅस्टिकच्या असतात) मांडलेल्या असतात. टिपलेले छायाचित्र तत्क्षणी दुसऱ्याला पाठविता येईल असा कॅमेऱ्याचा मोबाइल फोनही जपाननेच नोव्हेंबर २००० मध्ये बाजारात आणला. त्याच्या कॅमेऱ्याची क्षमता अवघी एक लाख दहा हजार बिंदूंची होती. तेवढ्यात भाताचे शीत वेगळे दिसणे अवघडच. भारतात ‘झोमॅटो’चा जन्म २००८ साली ‘फूडीबे’ या नावाने झाला, तोही पदार्थांच्या नव्हे, तर मेनूकार्डांच्या चित्रांतून. कचेरीतील सहकाऱ्यांना जेवण मागविताना मेनूकार्डासाठी रांग लावावी लागे, म्हणून ती स्कॅन करून ठेवण्यात आली. २०१० मध्ये ‘इन्स्टाग्राम’ आले आणि २०१७ साली जपानमध्ये ‘इन्स्टावर खुलून दिसणारे’ या अर्थाचा ‘इन्स्टाबाए’ हा शब्द त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला गेला. सतरा वर्षांतील हा प्रवास आहे.

कटाखाली दडलेली मटकी

मिसळ हा छायाचित्रासाठी महाराष्ट्रातील बहुधा सर्वाधिक वेळा मोबाइलसमोर आलेला पदार्थ असावा. आणि गंमत अशी, की चित्रातून ज्याची पारख होणे सर्वांत कठीण, असाही तोच पदार्थ आहे. मिसळीचा जीव उसळीत असतो. मटकी किती भिजली आहे, मोड किती आले आहेत, ती अख्खी राहिली आहे की गाळ झाली आहे, यावर निम्मी मिसळ ठरते. पण उसळ बसते तळाशी. तिच्यावर फरसाण, फरसाणावर कांदा-कोथिंबीर आणि सर्वांवर कट. पुण्याकडे त्यात पोहे वा बटाट्याची भाजीही असते, तीदेखील खालीच. वरून टिपलेल्या चित्रात दिसतात ते फरसाण, कांदा आणि तर्री. म्हणजे बाजारातून आणलेला ऐवज दिसतो आणि आचाऱ्याचे कर्तृत्व तेवढे झाकले जाते.

नेमकी हीच अडचण अमेरिकेतील कॅम्पबेल या सूप बनविणाऱ्या नामांकित कंपनीला १९६८च्या सुमारास आली होती. सुपातील भाज्या तळाशी बसत आणि जाहिरातीच्या छायाचित्रात नुसते पाणीच दिसे. त्यावर जाहिरातदारांनी शोधलेला तोडगा म्हणजे वाडग्याच्या तळाशी पारदर्शक काचेच्या गोट्या. गोट्यांवर भाज्या टेकल्या, वर आल्या आणि सूप भरगच्च दिसू लागले. हा प्रकार तेथील फेडरल ट्रेड कमिशनपुढे गेला. वॉशिंग्टनमधील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तर या प्रकरणात उतरण्यासाठी एक गट स्थापन केला आणि त्याचे नाव असे बेतले, की आद्याक्षरे जुळवून ‘सूप’ हाच शब्द व्हावा. १९७०मध्ये कंपनीने ही युक्ती यापुढे न वापरण्याचे मान्य केले. खाद्यपदार्थाच्या छायाचित्रातील लबाडीची चर्चा निघाली, की या गोट्यांचा दाखला आजही दिला जातो. कंपनीचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. सुपात भाज्या खरोखरच होत्या. कॅमेऱ्याला त्या दिसत नव्हत्या, इतकेच. पण गोट्यांमुळे त्या असतील त्याहून अधिक भासू लागल्या आणि तेथे सोय संपून फसवणूक सुरू झाली.

मिसळीच्या चित्रातील दुसरा फसवा घटक म्हणजे तर्रीचा लाल रंग. लाल तर्री पाहताच ‘झणझणीत’ असा निर्वाळा दिला जातो. वस्तुत: मिरचीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा ही दोन वेगवेगळ्या द्रव्यांची करणी आहे. रंग येतो तो मुख्यत: कॅप्सँथिन या द्रव्यामुळे आणि तिखटपणा कॅप्सेसिनमुळे. ब्याडगी मिरचीत पहिले भरपूर आणि दुसरे बेताचे असते, म्हणून तिचा रस्सा लालबुंद दिसूनही जिभेला फारसा झोंबत नाही. उलट लवंगी मिरचीचा ठेचा रंगाने फिका असूनही डोळ्यांतून पाणी काढतो. शिवाय कॅप्सँथिन तेलात विरघळते, पाण्यात नाही. त्यामुळे सारा लाल रंग तेलाबरोबर वर तरंगतो आणि खालचा रस्सा कोणत्या रंगाचा आहे, त्यात खोबरे-कांद्याचे वाटण किती आहे, याचा पत्ता लागत नाही. चित्रातील तर्री एकच गोष्ट खात्रीने सांगते, ती म्हणजे तेल सढळ हाताने घातले आहे. नाशिककडील काळ्या मसाल्याची मिसळ या हिशेबात चित्रात मार खाते, चवीत नव्हे.

तिसरी बाब वेळेची. फरसाणावर रस्सा पडला, की ते मिनिटा-दोन मिनिटांत भिजून बसते. टेबलावरील चौघांनी आळीपाळीने चित्रे काढली, तर चौथ्याचे चित्र होईपर्यंत शेव मऊ पडलेली असते. हेच वाफाळत्या भाताचे, गरम भजीचे आणि कुरकुरीत डोशाचे. चित्र उत्तम आले, याचा एक अर्थ पदार्थ गार झाला असाही असतो आणि पुढे त्या गार पदार्थावरच चवीविषयीचे मत लिहिले जाते. हा अन्याय आचाऱ्यावर रोज होतो.

उजेडाचे गणित

एकाच दुकानातील एकच पदार्थ दोन चित्रांत दोन वेगळ्या स्वयंपाकघरांतून आल्यासारखा दिसतो, त्याचे कारण प्रकाश. प्रकाशाच्या रंगाचे माप केल्व्हिन या एककात सांगतात. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्व्हिन, जुन्या पिवळ्या बल्बचा २,७०० आणि दुपारच्या उन्हाचा साधारण ५,५०० केल्व्हिन. आकडा जितका लहान, तितका प्रकाश पिवळसर-तांबूस. मनुष्याचा डोळा हा फरक नकळत जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखालीही भात पांढराच दिसतो. कॅमेऱ्याला ते जुळवून घेण्यासाठी गणित करावे लागते आणि ‘पांढरे म्हणजे काय’ याचा तो अंदाज बांधतो. टेबलावर एका बाजूने खिडकीतील ऊन आणि दुसऱ्या बाजूने ट्यूबलाइट पडत असली, की हा अंदाज हमखास चुकतो. मग वरणावर हिरवट छटा येते, श्रीखंड मळकट दिसते आणि कोकमाच्या रंगद्रव्यामुळे मुळात नाजूक गुलाबी असलेली सोलकढी शेंदरी भासू लागते.

याचा व्यवहारातील अर्थ असा, की मोठ्या खिडक्यांचे, उंच छताचे हॉटेल चित्रात आपोआप उजवे ठरते आणि जिन्याखालची, तळघरातली किंवा रात्रीच उघडणारी खानावळ मागे पडते. मुंबईतील इराणी हॉटेलांची अंतर्भागाची चित्रे इतकी देखणी का येतात, याचे एक कारण त्यांच्या जागेत आहे. ही हॉटेले पुष्कळदा रस्त्याच्या कोपऱ्यावर, दोन बाजूंनी उघडी आणि आत आरसे लावलेली अशी असतात. प्रकाश सर्व बाजूंनी येतो आणि संगमरवरी टेबलावर पसरतो. मालवणी खानावळीतील सुरमईचे ताट मात्र बहुधा ट्यूबलाइटखाली आणि चकचकीत स्टीलच्या ताटात असते. स्टील आरशासारखे वागते. ताटात मासा दिसतो आणि माशाशेजारी चित्र काढणाऱ्याचा हात, मोबाइल आणि छतावरचा पंखाही दिसतो. केळीच्या पानावर हा दोष नाही. पान प्रकाश शोषते आणि त्याचा हिरवा रंग लालसर पदार्थाला उठाव देतो. केळीच्या पानावरील जेवणाची चित्रे खुलून दिसण्यामागे केवळ परंपरेचे प्रेम नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आकाराचा घोटाळा याहून मोठा आहे. जवळची वस्तू मोठी आणि दूरची लहान दिसते, हा साधा नियम. वडा मोबाइलपासून १५ सेंटीमीटरवर आणि चहाचा पेला ४५ सेंटीमीटरवर ठेवला, तर दोघांची खरी उंची सारखी असूनही चित्रात वडा पेल्याच्या तिप्पट भरतो. मोबाइल पदार्थाच्या अगदी जवळ नेण्याची सवय असल्याने हा परिणाम पदोपदी घडतो. म्हणून चित्रावरून परिमाण ओळखायचे असेल, तर पदार्थाला लागून असलेला चमचा, वाटी किंवा हाताचे बोट पाहावे. मागचा पेला पाहू नये. केवळ पदार्थच दिसेल असे कातरलेले चित्र आकाराच्या बाबतीत निरुपयोगी असते.

तपकिरी पदार्थांचे दुर्दैव

मराठी स्वयंपाकाचा मोठा भाग भाजण्यावर उभा आहे. खोबरे भाजायचे, कांदा भाजायचा, मसाला भाजायचा. भरल्या वांग्यापासून मटणाच्या रश्शापर्यंत चव येते ती या भाजण्यातून. भाजताना पदार्थातील शर्करा आणि प्रथिने यांच्यात जी रासायनिक क्रिया घडते, तिच्यामुळेच खमंगपणा आणि तपकिरी रंग ही दोन्ही एकत्र निर्माण होतात. खमंगपणा हवा तर तपकिरी रंग पत्करावाच लागतो. दुर्दैव असे, की कॅमेऱ्याला तपकिरी रंग फारसा मानवत नाही. गडद तपकिरी रश्शात बारकावे हरवतात, वांगे आणि मसाला यांच्यातील सीमारेषा पुसली जाते आणि उत्कृष्ट काळा रस्साही चित्रात चिखलासारखा येतो. डाळिंबी उसळ, मासवडी, झुणका, काळ्या वाटाण्याचे सांबार हे सारे पदार्थ या दुर्दैवाचे धनी आहेत. काळ्या वाटाण्याचे सांबार आणि आंबोळी यांचे मनाजोगते छायाचित्र काढून दाखवणे ही एक परीक्षाच म्हणावी लागेल.

ज्यांना हे दुर्दैव भोगावे लागत नाही असेही पदार्थ आहेत. कोल्हापूरचा तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारी शेजारी ठेवला, की चित्र स्वत:हूनच उभे राहते. उकडीच्या मोदकाच्या कळ्यांवर बाजूने प्रकाश पडला, तर प्रत्येक पाकळीची सावली वेगळी उमटते. आणि संपूर्ण मराठी ताटाला तर स्वत:ची मांडणी आहेच. मीठ वर, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये वरण-भाताची मूद. मांडणीमागचा हेतू अर्थातच चित्र हा नव्हता. चाखायचे ते डावीकडे आणि पोटभर खायचे ते उजव्या हाताला सोयीचे, असा तो हिशेब होता. पण ही मांडणी वरून, सरळ उभ्या रेषेत पाहिल्यासच पुरती दिसते आणि मोबाइल ताटावर आडवा धरून चित्र काढण्याची आजची पद्धत तिला अगदी सोयीची ठरली. उलट वडापाव, बर्गर किंवा थरांचा केक वरून टिपला, तर नुसते वर्तुळ दिसते. त्याचे चित्र समोरूनच काढावे लागते.

मांडणीचा चवीवर परिणाम होतो का, याची तपासणी शास्त्रज्ञांनी केली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच सॅलड तीन प्रकारे वाढले होते: नेहमीप्रमाणे कालवून, घटक वेगवेगळे ओळीने लावून आणि चित्रकार कँडिन्स्की याच्या एका चित्राच्या धर्तीवर. तिसऱ्या प्रकाराला खाणाऱ्यांनी अधिक रुचकर ठरविले आणि त्यासाठी अधिक पैसे मोजण्याची तयारीही दाखविली. घटक मात्र तिन्हींत तेच होते. हॉटेलचालकांनी यातून घ्यायचा तो बोध केव्हाच घेतला आहे. मातीच्या थाळ्या, लाकडी पाट, पितळी अडकित्ता वा कंदील ठेवलेली टेबले यांचा जो सुळसुळाट गेल्या काही वर्षांत झाला, त्यात खाणाऱ्याच्या सोयीपेक्षा चित्राची सोय अधिक आहे. लाकडी पाटावरून रस्सा ओघळतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही असे थोडेच आहे!

रंगाचा मोह

पाट आणि कंदील फारतर हास्यास्पद ठरतील. रंगाची गोष्ट तशी नाही. मोबाइलचे कॅमेरे आणि त्यांतील सोयी रंग मुळापेक्षा भडक करून दाखवतात. भडक रंगाची सवय झालेल्या डोळ्याला पानातला खरा रंग फिका वाटू लागतो. हॉटेलातील पदार्थांत कृत्रिम रंग घालण्याची खोड मोबाइलच्याही आधीची आहे, त्यामुळे सारा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारता येणार नाही. परंतु ज्या पदार्थाची जाहिरात त्याच्या रंगावरच होते, तेथे त्या खोडीला खतपाणी मिळते, हे उघड आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंच्युरियन आणि म्हातारीचा कापूस म्हणून ओळखली जाणारी साखरेची मिठाई यांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत ऱ्होडामिन-बी हा कापड रंगविण्याच्या कामाचा रंग आढळला होता. त्याच वर्षी जून महिन्यात ही बंदी कबाबांनाही लागू झाली. गोव्यात म्हापसा नगरपालिकेने तर २०२४च्या प्रारंभीच रंग आणि अस्वच्छता यांचे कारण देऊन स्टॉलवरील गोबी मंच्युरियनवर बंदीचा ठराव केला. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कृत्रिम रंग मोजक्या पदार्थांत आणि ठरावीक मर्यादेतच चालतात. तंदुरी कोंबडी, मंच्युरियन वा बिर्याणी यांचा चित्रातील अनैसर्गिक केशरी-लाल रंग पाहून भूक चाळवण्याऐवजी शंका यावी, हे अधिक योग्य. मसाल्याचा रंग सर्वत्र एकसारखा चढत नाही. कडांना गडद, मध्ये फिका असा असतो. एकसारखा चढतो तो डबीतला रंग.

चित्र काढणाऱ्याला जेवण अधिक रुचते की कमी, या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे. क्रिस्टिन डील, गॅल झाउबरमन आणि अलिक्झांड्रा बराश या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालेत, चित्रे काढणारी माणसे अनुभवात अधिक गुंततात आणि त्यांना तो अधिक आनंददायी वाटतो, असे दिसले. त्यांतील एक प्रयोग जेवणाऱ्यांवरच होता. याच मंडळींनी २०१८ मध्ये पुढचा निष्कर्ष मांडला: चित्र स्वत:च्या आठवणीसाठी काढले तर आनंद टिकतो, इतरांना दाखविण्यासाठी काढले तर लोक काय म्हणतील या काळजीने तो घटतो. आणि नुसती चित्रे पाहणाऱ्यांचे काय? अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना खारट पदार्थांची आणि काहींना गोड पदार्थांची अनेक चित्रे दाखवून गुण द्यायला सांगितले आणि नंतर सर्वांना खारे शेंगदाणे दिले. खारट पदार्थांची चित्रे पुष्कळ पाहिलेल्यांना शेंगदाणे तितकेसे रुचले नाहीत. मिसळ खायला जाण्यापूर्वी शंभर मिसळींची चित्रे पाहणाऱ्यांनी याचा विचार करण्यास हरकत नाही.

पदार्थ आचाऱ्याचा, चित्र कोणाचे?

२०१४ साली फ्रान्समध्ये काही नामवंत शेफनी या छायाचित्रांविरुद्ध आवाज उठविला. उत्तर फ्रान्समधील ‘ला ग्रनुयेर’चे अलेक्सांद्र गोतिए यांनी मेनूकार्डावर फुली मारलेल्या कॅमेऱ्याचे चिन्हच छापले. दक्षिणेकडील फॉन्जोन्कूस येथील तीन ताऱ्यांचे मानकरी जिल गुजाँ यांचा आक्षेप निराळा होता: चित्र प्रसृत झाले, की पदार्थातील नवलाई जाते आणि आपल्या बौद्धिक संपदेचाही काही अंश जातो. न्यूयॉर्कमधील ‘मोमोफुकु को’ने तर २००८मध्येच छायाचित्रणास मज्जाव केला होता. उलट बाजूही आहे. शिकागोच्या ‘अलिनिया’ या उपाहारगृहातील पदार्थांची जवळजवळ जशीच्या तशी नक्कल मेलबर्नमधील एका उपाहारगृहात होत असल्याचे २००६ साली उघडकीस आले, ते खवय्यांनी दोन्हीकडची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. चित्राने चोरी होते, तशी ती पकडलीही जाते.

भारतीय कायद्यात पदार्थाच्या कल्पनेला स्वामित्वहक्क नाही. कल्पना कोणाच्या मालकीची नसते, तिच्या अभिव्यक्तीला तेवढे संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ‘आर. जी. आनंद’ खटल्यात स्पष्ट केले आहे. तो खटला नाटक आणि चित्रपट यांच्या वादाचा होता, पण तत्त्व पाककृतीलाही लागू पडते. पुस्तकात लिहिलेली पाककृती शब्दश: उचलता येत नाही, तो पदार्थ करून विकता मात्र येतो. छायाचित्राची स्थिती याच्या अगदी उलट आहे. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्र काढणारी व्यक्ती ही त्याची निर्माती असते आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर हा हक्क तिच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. पैसे देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे रविवारी सहकुटुंब जेवायला आलेल्या गिऱ्हाईकाने काढलेले थाळीचे चित्र हॉटेलमालकाने न विचारता फलकावर छापले, तर दोषी मालक ठरू शकतो. थाळी त्याचीच असली तरी! मालकाला आपल्या जागेत छायाचित्रणास मनाई करता येते, पण ती जागेचा धनी म्हणून, पदार्थाचा कर्ता म्हणून नव्हे. शेजारच्या टेबलावरील अनोळखी कुटुंब चित्रात येऊ नये, एवढी काळजी चित्र काढणाऱ्याने घ्यावी, हे कायद्याच्या आधी सभ्यतेत बसते.

आचाऱ्यापेक्षा ग्राहकाचे नुकसान करणारा प्रकार आणखी वेगळा आहे, तो म्हणजे फुकटच्या जेवणाचा. हॉटेलमालकाने बोलावून जेऊ घातले आणि पाहुण्याने चित्रांसह गोडवे गायले, तर ती जाहिरात असते; वाचणाऱ्याला मात्र ते प्रामाणिक मत वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवरील नामांकितांसाठी स्वतंत्र सूचना दिल्या. पैसेच नव्हेत, तर फुकट वस्तू, सवलत, प्रवास वा मुक्काम असा कोणताही लाभ घेतला असेल, तर तो ठळकपणे आणि सोप्या शब्दांत सांगणे त्यानुसार आवश्यक आहे. दिशाभूल सिद्ध झाल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लाभ चित्रांच्या ओळीत पार शेवटी, दहा-बारा खुणांच्या गर्दीत लिहिला, तर तो सांगितला असे धरले जात नाही.

याउपर आता न शिजवलेल्या पदार्थाची चित्रेही येऊ लागली आहेत. घरपोच जेवण पुरविणाऱ्या काही स्वयंपाकघरांना बसण्याची जागा नसते, टेबल नसते, म्हणजे गिऱ्हाईकाने काढलेले चित्रही नसते. तेथे पूर्वी दुसऱ्याच कोणाचे चित्र उचलून लावले जाई. अलीकडे संगणकाकडून हवे तसे चित्र बनवून घेतले जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘झोमॅटो’चे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेली पदार्थांची चित्रे मेनूतून हटविण्याचे जाहीर केले, कारण ग्राहकांच्या तक्रारी आणि परताव्याच्या मागण्या त्यामुळे वाढत होत्या. अशा मेनूपेक्षा एखाद्या गिऱ्हाईकाने ट्यूबलाइटखाली घाईघाईत काढलेले, कोपऱ्यात अर्धा खाल्लेला पाव आणि सांडलेला रस्सा दिसणारे चित्र ग्राहकाच्या अधिक उपयोगाचे असते. चमच्याने उसळ वर काढून दाखविलेली असेल, तर फारच उत्तम.